सरांच्या तासाला शिकलेली तुलना

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते, त्यामुळे आठवीत क्रियाविशेषणांच्या तुलनेचा पाठ आला तेव्हा विशेषणांच्या तीन ‘डिग्री’ आम्हांला जेमतेम पचल्या होत्या. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर काहीही न लिहिता आधी एकच प्रश्न विचारला : तुम्ही तुलना कोणाची करता आहात, माणसाची की त्याच्या कृतीची? स्वभावाने जपून वागणारा मुलगा ‘मोअर केअरफुल’, पण तो सायकल जपून चालवतो तेव्हा ‘मोअर केअरफुली’. हा भेद कळल्याशिवाय त्यांनी आम्हांला नियमांकडे वळू दिले नाही. नियम तसे थोडेच होते. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘सून’ यांना ‘अर’ आणि ‘एस्ट’ लागतात, ‘ली’ने संपणाऱ्या बहुतेकांच्या आधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात, आणि ‘वेल’, ‘बेटर’, ‘बेस्ट’ किंवा ‘बॅडली’, ‘वर्स’, ‘वर्स्ट’ यांना पाठांतराखेरीज इलाज नाही.

खरी मौज ‘अर्ली’ने आणली. सरांनी वाक्य लिहिले, ‘द सन राइझेस अर्लियर इन नागपूर दॅन इन मुंबई’, आणि मागच्या बाकावरून लगेच शंका आली की शेवटी ‘ली’ असताना येथे ‘मोअर’ का नाही. हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणून एकाच रूपात वापरला जातो, म्हणून तो ‘फास्ट’च्या पंक्तीत बसतो, हे सरांनी सांगितलेच, पण तेवढ्यावर न थांबता नागपूर सुमारे ७९ आणि मुंबई सुमारे ७३ पूर्व रेखांशावर असल्याने, अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने, आपल्याकडे सूर्य साधारण २५ मिनिटे आधी उगवतो, हेही त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. पुढचे वाक्य आम्हीच रचले : उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा इतरांपेक्षा ‘लेटर’ उघडतात. (हे वाक्य आम्ही किती आनंदाने लिहिले असेल, हे नागपूरकरांना सांगायला नको.)

‘एनी अदर’बाबत मात्र सर कमालीचे कडक होते. वर्गातलाच मोहन ‘फास्टर दॅन एनी बॉय इन द क्लास’ धावतो असे लिहिले, की ‘म्हणजे तो स्वतःलाही मागे टाकतो का?’ असे विचारून ते वही परत करीत. परीक्षेत वाक्यरूपांतराचे गुण याच ‘अदर’वर जात, हे आम्हांला पुढे दहावीला उमगले.

वह्यांवरचे त्यांचे शेरेही याच व्याकरणातले असत. ‘हुशार’ किंवा ‘मठ्ठ’ असे त्यांनी कधी लिहिले नाही. ‘मागच्या निबंधापेक्षा अधिक नेटकेपणाने लिहिले आहेस, पण घाईने संपवले आहेस’ अशा धर्तीचे वाक्य असे. पुढे सरकारी नोकरीत हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिताना मी ही पद्धत जशीच्या तशी उचलली, आणि ‘निष्काळजी कर्मचारी’ असा शेरा मारण्याऐवजी कोणते काम कसे झाले, गतवर्षीपेक्षा वेळेवर झाले की उशिरा, एवढेच लिहीत गेलो.

एका बाबतीत माझे सरांशी आजही जुळत नाही. ‘फास्टर दॅन मी’ (me) लिहिले की ते ‘मी’वर लाल रेघ ओढून ‘आय’ करायला लावत. बोलण्यातल्या इंग्रजीत मात्र ते रूप सर्रास चालते, आणि त्यासाठी गुण कापणे मला तेव्हाही जाचक वाटे. कार्यालयीन पत्रात मी ‘दॅन आय डू’ लिहितो, म्हणजे दोन्ही पक्षांना बोट ठेवायला जागा राहत नाही.