साडेसातशे मिलिमीटरचं काउंटर

दुय्यम निबंधक कार्यालयात एकटं कुणी येत नाही. एका दस्तामागे देणारे, घेणारे, दोन ओळखदार, वकील आणि गाडीत घालून आणलेली घरातली म्हातारी माणसं. हे कळायला मला दोन दिवस तिथल्या बाकावर बसावं लागलं. इस्टिमेटमध्ये फक्त ‘अभ्यागतांसाठी आसने, २४ नग’ एवढंच होतं.

तालुक्याच्या गावातलं ते कार्यालय नव्याने सजवायचं काम माझ्याकडे होतं. जुनं काउंटर चार फुटी, वर काच, काचेला तळाशी अर्धगोल भोक. बोलायचं तर प्रत्येकाने कमरेत वाकायचं. नोंदणी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२अ आलं. पक्षकाराचा फोटो आणि बोटांचे ठसे आवश्यक झाले. पण कॅमेरा खिडकीकडे तोंड करून बसवलेला, त्यामुळे चेहरे काळे यायचे आणि ऑपरेटर म्हाताऱ्यांवर ओरडायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सत्तरीच्या बाई व्हीलचेअरवर आल्या. हक्कसोडपत्र होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, आणि तो सोडायला बहिणी इथेच येतात. खुर्ची काउंटरखाली जाईना, म्हणून आडवी लावली. यंत्रापर्यंत हात पुरेना. शेवटी भावाने बहिणीचं मनगट धरलं आणि तिचा अंगठा यंत्रावर टेकवला. त्यांची मर्जी होतीही असेल. पण ज्या सहीने हक्क जातो, ती तरी माणसाने आपल्या हाताने करावी. मला ते दृश्य अजून सोडत नाही.

घरी येऊन मी काउंटरचा एक भाग साडेसातशे मिलिमीटर उंचीवर काढला. वर ग्रॅनाइट, खाली गुडघ्यांसाठी मोकळी जागा, अंगठ्याच्या यंत्राला तिथेच प्लगपॉइंट, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर आणि उजेड समोरून. फरशी चकचकीत नको म्हणून मॅट घेतली. रॅम्प एकास बाराच्या उताराचा. अभियंत्यांनी विचारलं, “दिवसाला असे किती दिव्यांग येतात?” हा प्रश्नच चुकीचा आहे. आत येता येत नाही ते मोजणीत कुठून येणार? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा समोर ठेवला, तेव्हा सही झाली. रेकॉर्डची कपाटं मात्र ‘दुसऱ्या टप्प्यात’ गेली. माझं काउंटर वाचलं होतं, म्हणून मी तेव्हा वाद घातला नाही.

दोन महिन्यांनी बिलाच्या कामाला गेले. त्या ठेंगण्या काउंटरवर प्रिंटर, शेजारी दस्तांचे गठ्ठे, खाली गुडघ्यांच्या जागेत कागदाच्या रिमांची खोकी. अंगठ्याचं यंत्र पुन्हा उंच बाजूला. मी रागाने विचारलं, तर लिपिक बाई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, आम्हाला ठेवायला जागा कुठे दिलीत? तुम्ही दोन दिवस बसलात, पण बाहेरच्या बाजूला.”

खरं होतं. काचेच्या आतल्या बाजूची खुर्ची मी फक्त मोजली होती, तिच्यावर बसले नव्हते.

कपाटांचं इस्टिमेट नव्याने दिलं आहे. त्या दिवशी प्रिंटर मी स्वतः उचलून टेबलावर ठेवला. संध्याकाळी निघताना पाहिलं, तर तो परत ठेंगण्या काउंटरवर होता. त्या बाजूला दुसरा प्लगपॉइंटच नाही. आहे तो मी काढलेला, अंगठ्याच्या यंत्रासाठी.