तुम्ही विचारलेत म्हणून

ऊसतोडीच्या घरातून तुम्ही कृषी अधिकारी कसे झालात, हा प्रश्न मला सत्कारांत, लग्नांत आणि आता फोनवरही विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. मी ‘जिद्द’ आणि ‘मेहनत’ म्हणावे आणि त्याने शेजारच्या पोराच्या पाठीवर थाप मारावी, एवढेच बाकी असते.

कष्टांनी गरिबी हटत असती, तर ती आजीच्या हयातीतच गेली असती. 1972 च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि सुकडीवर लेकरे जगवली. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या फाटकातून आत शिरायला आमच्या घरातली तिसरी पिढी उजाडावी लागली. मधल्या पिढीने दर दिवाळीच्या सुमारास बीड जिल्हा सोडला आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत कोयता चालवला. पहाटेची तोड, मग मोळ्या, आणि रात्री-अपरात्री गाडी आली की भरणी. याहून अधिक मेहनत कोणी करायची, आणि कधी?

मी नववीत असताना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना वडील घसरले आणि त्यांचा पाय मोडला. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही. बाकी पुढच्या हंगामावर गेली. पोळ्यानंतर मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, घरी आला, ओट्यावर बसून चहा प्याला. फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आवाज त्याने अजिबात चढवला नाही. एकट्या बाईच्या अर्ध्या कोयत्यावर ही बाकी फिटायची नाही, जोडीला कोण ते सांगा, एवढेच म्हणाला. बोर्डाची परीक्षा त्या वर्षी दोघांचीही होती, माझी दहावीची आणि अक्काची बारावीची. गणितात ती माझ्याहून कितीतरी सरस होती. ती चुलीपुढून उठली, पिठाच्या हातांनीच दारात आली आणि म्हणाली, “अण्णा, माझं नाव लिहा. त्याची दहावी हाय.” मुकादमाने वही काढून लिहिले. वडील काही बोलले नाहीत. आई एवढेच म्हणाली, “भाकर करपंल.” हंगाम संपल्यावर अक्काचे लग्न झाले, तेही कोयत्याच्याच घरात.

मी काहीच केले नाही, असेही कोणी समजू नये. भारनियमनात मी चिमणीच्या उजेडात वाचले, मेसचे पैसे भागवायला सुट्टीत लोकांचे सोयाबीन काढले. ते श्रेय मला हवेच आहे, आणि कोणी नाकारले तर रागही येतो. पण शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली खोली नसती, तर त्या वाचनाचे काय झाले असते? 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची शासकीय पाहणी झाली, तेव्हा 13,000 हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला की पैसे कापले जातात, ही भीती त्यांतल्या अनेकींना होती. त्यांची जिद्द कमी पडली, असे कोणी म्हणून दाखवावे.

यावर पंचविशीतला मी म्हणाला असता की, मेहनतीवर भरवसा नसता तर तू पहाटे उठलाच नसतास. खरे आहे, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही.

अक्काला तर माझे हे सगळे बोलणे मुळीच पटत नाही. मुलीला अभ्यासाला बसवताना ती माझाच दाखला देते, आणि मी मध्ये तोंड घातले की म्हणते, “तिला मेहनत करू दे, तुझं भाषण राहू दे.” आमचा हा वाद दर दिवाळीला होतो.