तुम्ही विचारलंत म्हणून: बुडालेलं जहाज दिसतं कसं?

डायव्हिंग करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बुडालेलं जहाज दिसतं कसं हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कललेली डोलकाठी, फाटकं शीड आणि झाकण उघडी पेटी असते. तुम्हीही विचारलंत, तर सरळच सांगतो. लाकडी जहाज असेल, तर बहुतेक वेळा जहाज दिसतच नाही.

मुरगाव बंदराजवळच्या सुंची खडकाचंच घ्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एक पोर्तुगीज जहाज फुटलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याचे अवशेष शोधून त्यांची नोंद केली. पाणी फारसं खोल नाही, पण म्हणून सोपं समजू नका. लाट खडकावर आपटली की माणूस वावभर पुढे जातो, वावभर मागे येतो. त्यात नद्यांचा गाळ. कधीकधी स्वतःचं घड्याळ वाचायला मनगट मास्कला टेकवावं लागतं. हेच पाणी जवळपास चारशे वर्षं त्या जहाजाला झोडपतंय.

लाकूड संपवलं ते मात्र मुख्यतः टेरेडोने. दिसायला अळीसारखा, कूळ शिंपल्याचं. उघड्यावरचं लाकूड तो आतून पोखरून फस्त करतो. गाळाखाली गाडलेलं तेवढं वाचतं, कारण तिथे प्राणवायू पोचत नाही. बाल्टिक समुद्राचं पाणी टेरेडोला पुरेसं खारट नाही, म्हणून 1628 साली स्टॉकहोमला बुडालेलं 'वासा' नावाचं जहाज 1961 साली जवळजवळ अख्खं वर काढता आलं. आपल्या पाण्यात ते नशीब नाही.

मग बघायचं काय? मी आधी काटकोन शोधतो. घडीव दगडाची कड, नांगराचा दांडा, किंवा चुन्याच्या कवचाखाली फुगलेली तोफ, जी पहिल्या नजरेला साधा लांबट दगडच वाटते. मधूनच जाड, तपकिरी खापर. ते मोठ्या मर्तबान रांजणाचं. शेजारी निळ्या नक्षीचा चिनी मातीचा तुकडा. आणि माझ्या सगळ्यांत आवडीचा ऐवज म्हणजे हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात! पाणघोडा आफ्रिकेचा, रांजण ब्रह्मदेशाकडचे, बशी चीनची. जुन्या गोव्याचा व्यापार किती लांब पसरला होता, हे मला दरबारी कागदांपेक्षा या दातांनी जास्त पटवलं.

पुढचा प्रश्न माहीत आहे: "एखादा तुकडा आणला नाहीत?" नाही. एकतर पुरातन वस्तूंना 1972चा कायदा आहे. आणि तोफ नांगरापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला पडली, यावरूनच जहाज कसं आपटलं, कुठे फुटलं याचा अंदाज बांधतात. तुकडा हलवला की तो पुरावा गेला. लोखंडाचं तर विचारूच नका. आत मुरलेलं मीठ काढल्याशिवाय ते हवेत वाळलं, तर दिवाणखान्यातल्या शोकेसमध्येच त्याचे पोपडे गळायला लागतात.