जांभळं झाकण, हिरवं झाकण

मला सीएमएल (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे हे डॉक्टर तिसऱ्याच दिवशी जवळपास बोलून गेले होते, पण कागदावर यायला १९ दिवस लागले, आणि त्यातले ११ दिवस एका नळीच्या झाकणापायी गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

सुरुवात म्हणाल तर काहीच नाही. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं, मी आपला अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या खात होतो. ती प्लीहा सुजलेली. कंपनीच्या मेडिकलमध्ये सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी १,३८,०००! असायला हव्यात ४ ते ११ हजार. लॅबवाल्याला वाटलं मशीन बिघडलं, परत रक्त घेतलं, तेच आलं. मग स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघतात), सोनोग्राफी, बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी), सगळं पटापट झालं.

अडलं ते बीसीआर-एबीएल या जीनच्या तपासणीला. ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्यातून हे जीन तयार होतं, ते सापडल्याशिवाय सीएमएल पक्कं म्हणत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी कलेक्शन सेंटरला रक्त दिलं (शुक्रवारी देऊ नका, शनिवार-रविवार सँपल कुठे पडून राहतं देव जाणे). पाच दिवस म्हणाले होते. सहाव्या दिवशी फोन केला, "प्रोसेसमध्ये आहे सर." आठव्या दिवशी, "सिस्टीममध्ये रिसीव्ह दिसतंय सर." बायको म्हणाली, अहो, कळेल तेव्हा कळेल, आधी जेवा. अकराव्या दिवशी मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा एका मुलीने स्क्रीन बघून शांतपणे सांगितलं, सँपल रिजेक्ट झालंय, मेसेज गेलाय. कुणाला गेलाय? तर त्यांच्याच सेंटरच्या नंबरवर!

कारण काय, तर क्रोमोसोमच्या तपासणीला पेशी जिवंत वाढवाव्या लागतात म्हणून हिरव्या झाकणाची हेपरिनची नळी लागते, आणि पीसीआरला, म्हणजे ते जीन शोधायच्या तपासणीला, हेपरिन अजिबात चालत नाही, तिथे जांभळी ईडीटीए लागते. रक्त घेणाऱ्या पोराने दोन्ही सँपल हिरव्यातच भरलेली. वर परत पैसे मागत होते. दिले नाहीत, तासभर भांडलो.

तोवर पेशी खाली आणायला हायड्रॉक्सीयुरिया चालू होतं, आणि युरिक अ‍ॅसिड वाढू नये म्हणून गोळी आणि भरपूर पाणी.

परत दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा खरं सांगतो, बरंच वाटलं. ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, २ टक्केच, म्हणजे क्रॉनिक फेज, आजार सावकाश चालणारा. आणि याला इमॅटिनिब आहे, २००१ पासून, रोज एक गोळी.

हां, एक राहिलंच, रिपोर्ट नुसता पॉझिटिव्ह-निगेटिव्ह घेऊ नका, टक्क्यांमधला मागा, इंटरनॅशनल स्केलवरचा (सगळ्या लॅबना एकच माप), कारण पुढे दर तीन महिन्यांनी तोच आकडा बघतात, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. बोन मॅरोला लोक फार घाबरतात, भूल देतात, फक्त ओढतात तेव्हा दोन-चार सेकंद आतून कळ येते.

तीन महिन्यांनी परत रक्त द्यायला गेलो तेव्हा मी त्या पोराच्या हाताकडेच बघत होतो. म्हणाला, "काका, जांभळंच आहे." काका! वय ४३ माझं.