छोट्या गाडीला वजन देताना

मॉडेल रेल्वेचा कुठलाही व्हिडिओ बघताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासते: गाडी जड वाटतेय का? रंग चोख असतो, इंजिनावरचा क्रमांकही बरोबर असतो, पण सांध्यावरून जाताना डबा टुणकन उडतो आणि लगेच कळतं की हे हलकं प्लास्टिक आहे. टेबलावर मावणारी गाडी पडद्यावर शेकडो टनांची कशी दिसेल, याच्यामागे मी मनापासून लागले आहे.

पहिला प्रश्न कॅमेऱ्याच्या उंचीचा. माझी गाडी एचओ मापाची, म्हणजे १:८७. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. या मापात रुळांशेजारी उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दोन सेंटिमीटरच्याही आत येतात. लेन्स तिथे नेली की इंजिन अंगावर येतं, वरून टिपलं की ते खेळणंच राहतं. फोन उलटा धरला तर त्याची लेन्स जवळजवळ टेबलाला टेकते, त्यामुळे खालचे शॉट मी हल्ली फोनवरच घेते. फोनचा सेन्सर लहान असल्याने इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत बरंच काही फोकसमध्ये राहतं, हा आणखी एक फायदा. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र बारीक करत एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत जावं लागतं आणि मग उजेड कमी पडतो. पण ते केलेलं बरं. मागचे डबे धूसर झाले की वस्तू लहान आहे हे डोळा ताबडतोब ओळखतो.

उजेडासाठी मुख्य दिवा एकच, आणि शक्य तितका लांब. सूर्य एकच असतो. डब्याच्या दोन सावल्या पडल्या की खेळ संपला.

आता वेगाकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १:८७ मापात सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर सरकते, म्हणजे एक मीटर रूळ पार करायला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ. बहुतेक जण याच्या कितीतरी पट जोरात गाडी पळवतात. पण वेग अचूक ठेवला तरी डब्यांचं डोलणं आणि हिसके झटपटच होतात, कारण गुरुत्वाकर्षण काही आपल्या मापात लहान होत नाही. चार मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला ०.९ सेकंद लागतात. मॉडेलमध्ये तीच उंची ४.६ सेंटिमीटर होते आणि वेळ जेमतेम ०.१ सेकंद. म्हणजे हालचाल नऊपटींहून जलद! सिनेमातली लघुरूपं जास्त फ्रेमनी चित्रित करून पडद्यावर संथ करतात ती याचसाठी. मी सेकंदाला ५० फ्रेमवर टिपते आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर २५ ला चालवते. गाडी मात्र चित्रीकरणात दुप्पट वेगाने सोडते, म्हणजे पडद्यावर वेग बरोबर येतो आणि हिसके निम्म्याने मवाळ होतात. याहून पुढे मी जात नाही. चौपट वेगात माझ्या वळणांवर डबे जास्तच हेलकावे खातात आणि जे लपवायचं तेच ठळक होतं.

संथ केलेल्या क्लिपचा आवाजही निम्म्या गतीने वाजवला की एक सप्तक खाली उतरतो. चाकांची पातळ टिकटिक भरदार होते, आणि ती मी आवर्जून ठेवते. इंजिनाचा आवाज मात्र डिकोडरमधून, म्हणजे मॉडेलच्या आत बसवलेल्या छोट्या सर्किटमधून येतो आणि तो खऱ्या इंजिनावरून घेतलेला असतो, म्हणून तो गाडी उभी असताना वेगळा रेकॉर्ड करून मूळ गतीनेच वरून लावते. पार्श्वसंगीत मला नकोच वाटतं. ते आलं की चाकं ऐकू येत नाहीत.

एडिटिंगमध्ये दिशा सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. गाडी एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे गेली आणि पुढच्यात उलटी दिसली, तर बघणाऱ्याला ती परत फिरल्यासारखी वाटते. म्हणून सगळे शॉट रुळांच्या एकाच बाजूने घ्यायचे. माझा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, साधा लंबगोल आहे, पण नीट कापलं तर त्याचा लांबच्या लांब मार्ग होतो: घाट, पूल, मोकळं माळरान, मग स्टेशन. अट एवढीच की तेच झाड दोनदा दिसता कामा नये. प्रत्येक शॉटआधी पुढची झाडं आणि सिग्नलचा खांब मी हलवते, मऊ ब्रशने रुळांवरची धूळ काढते. क्लोजअपमध्ये धुळीचा एक कण दगडाएवढा दिसतो.

आणि कट घाईने करू नका. गाडी येण्याआधी रिकामे रूळ दोन-तीन सेकंद दिसू द्यात, शेवटचा डबा चौकटीबाहेर गेल्यावरही थोडं थांबा. लांबून येणारा आवाज आधी सुरू करा, चित्र मागाहून येऊ द्या. सध्या मी रात्रीच्या गाडीवर काम करतेय. डब्यांतले दिवे पेटलेले हवेत आणि फलाटावर त्यांचा उजेड खिडकीखिडकीने सरकत जायला हवा. पण पल्सवर चालणारे, म्हणजे भराभर चालू-बंद होणारे एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतात, तेव्हा शटरचा वेग थोडा-थोडा बदलत बघणं चालू आहे.