तुम्ही विचारलंत म्हणून: किती प्रॉब्लेम सोडवायचे?

गावी गेलो की कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या भेटायला येतो आणि विचारतो, ‘दादा, गूगलच्या इंटरव्ह्यूसाठी कोडिंगचे किती प्रॉब्लेम सोडवायचे? तीनशे पुरतील?’ आकडा मला सांगता येत नाही. सराव हवाच, पण तीनशे सोडवूनही लोक अडकतात, आणि ते कुठे अडकतात हे मी अनुभवलंय.

माझा पहिला इंटरव्ह्यू दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत झाला. उत्तर पक्कं सुचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही शाळेपासूनची सवय. वीस मिनिटं गप्प बसलो, मग कोड लिहिला. बरोबर होता. तरी नकार आला. तो फार लागला. कारण उमगलं ते बऱ्याच वर्षांनी, गूगलमध्ये मी स्वतः इंटरव्ह्यू घ्यायला लागलो तेव्हा.

इथे इंटरव्ह्यू घेणारा एकटा निवड करत नाही. तो साधारण 45 मिनिटं बोलतो आणि जे घडलं ते सविस्तर लिहून देतो. निर्णय वेगळ्या समितीचा. त्या समितीने तुम्हाला पाहिलेलं नसतं. तिच्यापुढे असतं ते आम्ही लिहिलेलं. तुम्ही वीस मिनिटं गप्प राहिलात, तर त्या वीस मिनिटांबद्दल मी काय लिहू?

समजा, विचारलं की दिवसभराच्या मीटिंगांच्या वेळा दिल्यात, कमीत कमी किती खोल्या लागतील? उत्तर पाठ केलेला मुलगा लगेच वेळा क्रमाने लावून हीप (सगळ्यात लहान आकडा चटकन काढून देणारी रचना) वापरायला धावतो. मला आवडतो तो आधी विचारणारा: ‘एक मीटिंग तीनला संपली आणि दुसरी तीनलाच सुरू झाली, तर तीच खोली चालेल का?’ हा प्रश्न मी शब्दशः लिहून ठेवतो. पुढे वाट चुकली तरी ‘इथे चुकतंय, थांबा’ असं तो स्वतः म्हणाला, तर तेही लिहितो.

कारण रोजचं कामही असंच असतं. 2015 सालीच गूगलचा बहुतेक कोड एकाच भांडारात होता, सुमारे 200 कोटी ओळींचा. त्यात चार ओळी बदलायच्या तरी दुसऱ्या कुणीतरी त्या वाचून मान्य कराव्या लागतात. माझा अर्धा दिवस दुसऱ्यांचा कोड वाचण्यात आणि माझा समजावून देण्यात जातो. काही बंद पडलं तर का पडलं ते लिहून काढतात, आणि त्यात माणसावर बोट ठेवत नाहीत. ही पद्धत मला मनापासून पटते.

मराठी माध्यमाचं काय, हेही विचारता. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. विचार मात्र ऐकू यायला हवा. सराव मराठीतून केलात तरी हरकत नाही. दिवाळीत मी आठवडाभर घरी आहे. या, आणि एक प्रॉब्लेम माझ्यासमोर मोठ्याने सोडवा.