सकाळी डावं पॅनल, दुपारी उजवं: बोटीवरच्या सोलरचं प्लॅनिंग कुठवर आलंय

मंडळी, बरेच दिवस अपडेट द्यायचा राहिला होता. बोट तीच, २६ फुटी शिडाची, आणि बेतही तोच, डिसेंबर-जानेवारीत मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा आणि परत, आणि त्याच्या आत सोलर बसलेलं हवंय कारण आउटबोर्डचं (मागे टांगलेल्या इंजिनाचं) चार्जिंग नावालाच आहे आणि शिडावर असलो की इंजिन चालू होतंच कुठे.

आधी खर्चाचा हिशोब, म्हणजे विजेचा. टिलर पायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) सरासरी दीड अँपिअर, आठ तास धरले तर १२ अँपिअर-अवर. प्लॉटर (नकाशाचा स्क्रीन), एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं) आणि व्हीएचएफ रेडिओ मिळून २ अँपिअर, दहा तास म्हणजे २०. अँकर लाइट एलईडी आहे, रात्रभर जळून दोन-अडीच. पंखा, केबिनमधला दिवा, फोन धरून अजून आठ-दहा. सगळं मिळून ४५ च्या आसपास, म्हणजे पावणेसहाशे वॉट-अवर.

फ्रिज नाही. तो एकटाच रोजचे तीस-चाळीस अँपिअर-अवर खातो आणि मग सगळंच दुप्पट करत बसा. आपल्या किनाऱ्यावर हर्णै काय, मिरकरवाडा काय, मासेमारी बंदर म्हटलं की बर्फ आलाच, आइस बॉक्स भरून घ्यायचा आणि पुढे निघायचं.

१०० वॉटची दोन पॅनल. कागदावर डिसेंबरात पाच तासांचं फुल ऊन धरतात, मी साडेतीनच धरलंय, म्हणजे ७०० वॉट-अवर. कंजूषपणा मुद्दाम केलाय. एक तर सूर्य तेव्हा दक्षिणेला कललेला, भर दुपारीसुद्धा रत्नागिरीच्या आसपास तो ५० अंशाच्या फारसा वर जात नाही, त्यात पॅनल तापलं की दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के पॉवर कमी, २५ ऐवजी ६५ डिग्री झालं की १४ टक्के गेलेच. आणि सावली.

सगळं प्लॅनिंग शेवटी या सावलीवरच येऊन अडतं. पॅनलच्या साइजचे दोन पुठ्ठे कापले, पुशपिटच्या (बोटीच्या मागच्या टोकाच्या पाइपच्या कठड्याच्या) दोन्ही बाजूंना बांधले आणि नांगरावर असताना दर तासाला सावलीची कड खडूने आखत बसलो (शेजारच्या होडीतल्या काकांना वाटलं साहेबांना ऊन लागलं). बॅकस्टेची, म्हणजे मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकापासून मागे ताणलेल्या वायरची, मला उगाच भीती होती. सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे ६ मिलिमीटरच्या वायरची गडद सावली साधारण ६५ सेंटिमीटरवर संपते, त्यापुढे नुसती धूसर रेघ, पॅनलला फारसा फरक पडत नाही. बूमचं, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याचं, तसं नाही, १० सेंटिमीटर जाडीची वस्तू, तिची सावली दहा मीटरपर्यंत काळीकुट्ट. नेहमीच्या ३६ सेलच्या पॅनलमध्ये दोन बायपास डायोड (झाकलेला भाग वगळून वीज पुढे नेणारे) असतात, एक सेल नीट झाकला की अर्धं पॅनल बाद, उरलेलं अर्धं नऊ व्होल्ट देतं आणि नऊ व्होल्टने १२ ची बॅटरी चार्ज होत नाही, म्हणजे सावली बूमएवढी आणि नुकसान अख्ख्या पॅनलचं.

आता हे आपल्या वाऱ्यांवर मांडून बघा. दक्षिणेला जाताना सकाळी मतलई वारा डावीकडून, जमिनीवरून येतो, शीड उजवीकडे, ऊन डावीकडून समोरून, त्यामुळे शिडाची सावली बरोब्बर उजव्या पॅनलवर. दुपारी वायव्येचा वारा उजव्या खांद्यावरून, शीड डावीकडे सोडलेलं, सूर्य उजवीकडे समोर, सावली बहुतेक पाण्यात पडते, फार तर मास्टची रेघ डाव्या पॅनलवरून सरकते. थोडक्यात सकाळी डावं कमावणार आणि दुपारी उजवं. परत येताना उलटंच गणित, सूर्य मागे म्हणून सावलीचा प्रश्न मिटला, पण वाऱ्याच्या तोंडावर उत्तरेला चढताना बोट पूर्वेकडे कलते आणि पॅनल उन्हाकडे पाठ फिरवतं. २० अंश कलली तर साडेतीननंतर निम्म्याच्या आसपास पॉवर जाते. समुद्राकडच्या टॅकवर (वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी जाताना समुद्राकडे जाणाऱ्या फाट्यावर) बोट दक्षिणेला कलते तेव्हा थोडी भरपाई होते, पण त्या टॅकवर किती वेळ जाणार, जयगड गाठायचंय की अरबस्तान?

म्हणून पॅनलसाठी मागे उंच कमान उभारायचा विचार रद्द. दोन पॅनल मिळून १३-१४ किलो, वर स्टेनलेसचे पाइप, एवढं वजन उंचावर आणि वाऱ्याला अडणारं, २६ फुटी बोटीला शोभत नाही. पुशपिटच्या दोन्ही बाजूंच्या २५ मिलिमीटर पाइपवर बिजागरीच्या क्लॅम्पने एकेक पॅनल, उन्हाप्रमाणे कोन बदलायचा, जेटीला लागताना खाली पाडून ठेवायचं. खालून वारा खेळता राहतो म्हणून तापतंही कमी. लवचिक पॅनल डेकवर चिकटवायचा सल्ला खूप जणांनी दिला, वजनाला मस्त आहेत, पण तापतात आणि टिकत नाहीत, मला पटलं नाही.

चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारे) दोन, विक्ट्रॉनचे ७५/१०, प्रत्येक पॅनलला आपापला. पॅनल एकामागे एक जोडणारे सिरीजवाले म्हणतील एकातच भागलं असतं, आणि अर्धवट सावलीत सिरीज बरी हे खरंय, दुसऱ्याचे १८ आणि याचे नऊ मिळून चार्जिंग चालू राहतं. पण एक कनेक्टर मिठाने खाल्ला की दोन्ही बंद, ते नको. वायर टिन्ड (कथिलाचा थर दिलेली), ४ स्क्वेअर एमएम, जाऊन-येऊन दहा मीटर, साडेपाच अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतपर्यंत काळी पडते, सोल्डर धरत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. पॅनलची फ्रेम अॅल्युमिनियमची आणि क्लॅम्प स्टेनलेसचे, मध्ये नायलॉनचे वॉशर, नाहीतर फ्रेमच कुरतडली जाते.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, ती आलीये, १२ किलोच्या आत, जुनी लेड अॅसिड काढताना पाठीने आठवण करून दिली होती. आउटबोर्डच्या स्टार्टरला वेगळी लेड अॅसिड ठेवलीये, तिला हात लावणार नाही, कारण लिथियमच्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या आतल्या सर्किटने) मध्येच कनेक्शन तोडलं तर आउटबोर्डच्या चार्जिंगची वाट लागू शकते.

राहिलंय ते क्लॅम्पचं काम. ट्रॉलरची कामं करणारा एक वेल्डर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे बनवून देतो म्हणालाय, मी चुंबक घेऊनच जाणार आहे, नुसत्या चुंबकाने ३०४ आणि ३१६ कळत नाही पण भलतंच काही गळ्यात मारलं तर निदान तेवढं कळेल. आणि पक्ष्यांचं काय करायचं ते सांगा, मुरिंगवर (कायमच्या नांगराला बांधलेली असताना) कावळे आणि कुरव पुशपिट सोडून दुसरीकडे बसतच नाहीत, त्यांची एक चांगली पिचकारी म्हणजे एक सेल झाकला. कोणी फिशिंग लाइन ताणून बघितलीये का? तिची सावली पडत नाही हे एव्हाना सिद्ध झालंच आहे.